कार्ड आहे, पण धान्य सुरू नाही

आपल्याकडे ओळखीचं माणूस भेटलं की 'जेवण झालं का?' असं विचारायची पद्धत आहे. उत्तरही ठरलेलं: 'हो, आत्ताच झालं.' जेवून आलेला माणूस हेच सांगतो आणि सकाळपासून दोन चहांवर असलेलाही हेच सांगतो. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर ताटाला आधी नाही म्हणायचं, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. त्यामुळे ठाण्यात किंवा नवी मुंबईत किती घरांत पोटभर जेवण होत नाही, हे नुसतं विचारून कधीच कळत नाही.

मी आणि माझे दोन मित्र रविवारी सकाळी ठाण्यातल्या लोकमान्यनगरजवळच्या एका खोलीत बसून लोकांना रेशनचे अर्ज भरून देतो. समाजसेवा वगैरे मोठा शब्द त्याला नको; आमच्यातल्या एकाला सरकारी फॉर्म भरायची विचित्र आवड आहे, एवढंच. तिथे येणाऱ्या बायका 'आमच्याकडे खायला नाही' असं चुकूनही म्हणत नाहीत. त्या म्हणतात, 'कार्ड आहे, पण धान्य सुरू नाही.' या एका वाक्याचा अर्थ पूर्ण कळायला मला बरेच महिने लागले. तो इथे सोप्या भाषेत मांडायचा प्रयत्न करतो.

आधी 'अन्न असुरक्षितता' या जडशीळ शब्दाकडे बघू. उपासमार म्हणजे चूल न पेटणं, एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. पण तिथवर जायच्या आधी बऱ्याच पायऱ्या असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने त्या मोजण्यासाठी आठ प्रश्न तयार केले आहेत. गेल्या वर्षभरात पैशाअभावी असं कधी झालं का, की पुरेसं खायला मिळेल की नाही याची काळजी वाटली? सकस खाता आलं नाही? रोज तेच ते दोन-तीन पदार्थ खावे लागले? एखादं जेवण टाळावं लागलं? हवं त्यापेक्षा कमी खाल्लं? घरातलं अन्न संपलं? भूक लागूनही खाल्लं नाही? आणि शेवटचा, अख्खा दिवस उपाशी काढला?

या प्रश्नांचा क्रम मला फार शहाणा वाटतो. पहिला प्रश्न पोटाबद्दल नाहीच, मनाबद्दल आहे. महिन्याच्या वीस तारखेला डाळीचा डबा हलवून बघणारी बाई पहिल्या पायरीवर असते. तिने त्या दिवशी नीट जेवण केलेलं असतं, कुठल्याही फोटोत ती उपाशी दिसणार नाही. शहरातली बहुतेक भूक ही अशी पहिल्या चार-पाच पायऱ्यांवरची आहे. म्हणून ती दिसत नाही, आणि म्हणून 'इथे कुठे कोण उपाशी आहे हो?' असं म्हणणंही सोपं जातं. कुपोषण म्हटलं की आपल्याला जव्हार-मोखाडा आठवतं, १९९२ मध्ये कुपोषणाने मुलं दगावली ते वावर-वांगणी आठवतं. हा सगळा भाग आधी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ठाणेकरांच्या मनातून तो विषयही जिल्ह्याबाहेर गेला असावा.

धान्याचा तुटवडा हे कारण नाही, हे एकदा स्पष्ट करून टाकू. वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत. सगळ्या मुंबई परिसराचा बाजारहाट तिथून होतो. त्याच्या हाकेच्या अंतरावर तुर्भे स्टोअरची झोपडपट्टी आहे. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून जे दाखवलं, ते इथे रोज लहान प्रमाणात घडताना दिसतं: अन्न असणं वेगळं आणि ते आपल्या ताटात ओढून आणायची ऐपत किंवा हक्क असणं वेगळं.

ती ऐपत कशी कमी पडते, ते समजायला एक घर कल्पून बघू. आकडे माझे, अंदाजाचे. पण दिघ्यात किंवा किसननगरात कुणाला दाखवलेत तर तो फारसा वाद घालणार नाही. नवरा-बायको आणि दोन मुलं. नवरा नाक्यावर उभा राहतो, सातशे रुपये हजेरी, महिन्यात सोळा दिवस काम लागलं तर ११,२०० रुपये. बायको दोन घरची धुणीभांडी करते, ५,००० रुपये. एकूण १६,२००. आता खर्च. खोलीचं भाडं ५,०००. घरमालकाच्या सबमीटरवरची लाईट ९००. गॅस ९००. गटाच्या लोनचा हप्ता २,२००. मुलांची फी आणि शिकवणी ८००. जाण्या-येण्याला १,०००. मोबाईल ५००, औषधपाणी ५००. बेरीज ११,८००. उरले ४,४००. चार माणसांत, तीस दिवसांत वाटले तर माणशी दिवसाला साधारण ३६ रुपये. दोन वेळचं जेवण, चहा, मुलांचा डबा, सगळं त्यात.

आता या यादीतलं पुढे-मागे काय करता येतं ते बघा. भाडं थांबत नाही. थांबलं तर डिपॉझिटमधून कापून पुढच्या महिन्यात खोली खाली करायला सांगतात. हप्ता तर थांबूच शकत नाही, वसुलीला माणूस दारात येऊन बसतो आणि गटातल्या बाकीच्या बायकाही तोंड फिरवतात. लाईट कापली जाते, शाळा पेपरला बसू देत नाही. जो खर्च कमी केल्यावर कुणी दारात येऊन ओरडत नाही, असा एकच आहे: जेवण. म्हणून पहिली कात्री तिथे लागते. पावसाळ्यात नाक्यावरचं काम नुसतं चार दिवसांनी कमी झालं, तरी त्या ३६ चे १३ होतात, आणि बाहेरून घर तसंच दिसतं. मोबाईल आहे, टीव्ही आहे, पोरं शाळेत जातात.

कात्री लागते तीही ठरलेल्या क्रमाने. आधी फळं जातात, ती बहुतेकदा आलेलीच नसतात. मग दूध, चहा कोरा होतो. अंडी रविवारपुरती राहतात, मग तीही नाही. वरणाची डाळ कमी होते आणि पाणी वाढतं. भाजीत बटाटा तेवढा टिकतो. शेवटी भात आणि लाल तिखट, किंवा चपाती-चहा. या सगळ्यात पोट भरलेलं असतं हे लक्षात घ्या. धान्यातून उष्मांक मिळतात, झोप लागते. मिळत नाही ते लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत तो ५३.८ टक्के होता. बायकांमध्ये ४८ वरून ५४.२ वर गेला. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश. हे आकडे अख्ख्या राज्याचे आहेत, गडचिरोलीचे किंवा नंदुरबारचे नव्हेत.

घरात कात्री सगळ्यांवर सारखी चालत नाही. आधी मुलं, मग पुरुष, मग जे उरेल ते बाईचं. 'मला नंतर जेवायला आवडतं' असं सांगणाऱ्या बायका मी इतक्या बघितल्या आहेत की आता ते वाक्य ऐकलं की फॉर्मवरून मान वर करतो. मिश्रीचं व्यसन याच घरांत का टिकून आहे, याचं एक उत्तर इथे आहे. तंबाखूने भूक मरते. डॉक्टर मिश्री सोडा म्हणतात, बरोबरच म्हणतात, पण अकरा वाजता पोटात पडणारा खड्डा मग कशाने भरायचा, हे कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सुखवस्तू माणसाच्या लक्षात येत नाही. गरिबाला तेच सामान महाग पडतं. पंधरा किलो तेलाचा डबा घेणाऱ्याला किलोमागे जो भाव पडतो, तो दहा रुपयांची पुडी घेणाऱ्याला पडत नाही. गॅसचं कनेक्शन नावावर नसेल तर छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घ्यावा लागतो, अर्थात चढ्या दराने. गव्हाचं धान्य फुकट मिळालं तरी दळणाचे पैसे गिरणीवाला घेतोच.

आता रेशनकडे येऊ. हा भाग मोठा आहे, कारण गोंधळही इथेच मोठा आहे.

आपल्याकडे रेशनकार्डं तीन रंगांची: पिवळं, केशरी आणि शुभ्र. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळं, पंधरा हजार ते एक लाखांपर्यंत केशरी, त्यापुढे शुभ्र, म्हणजे आपण ज्याला पांढरं म्हणतो ते. बहुतेकांना वाटतं की केशरी कार्ड असलं की धान्य मिळतं. तसं नाही. २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. त्यानंतर धान्य रंगावर मिळत नाही, यादीवर मिळतं. या यादीत दोन प्रकारची कुटुंबं. एक अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब, त्यांना कार्डामागे महिन्याला ३५ किलो. दुसरी 'प्राधान्य कुटुंब', त्यांना माणशी ५ किलो. पूर्वी तांदळाला तीन रुपये आणि गव्हाला दोन रुपये किलो पडायचे. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, आणि २०२४ पासून पुढची पाच वर्षं मोफतच राहील असा केंद्राचा निर्णय आहे. केशरी कार्डवाल्यांपैकी जे या यादीत आले नाहीत ते 'बिगर प्राधान्य'. त्यांच्या हातात कार्ड आहे. धान्य सुरू नाही.

मग यादीत येत का नाहीत? पहिलं कारण उत्पन्नाची अट. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा आहे. महिन्याला पाच हजारही होत नाहीत. वर आपण जे घर कल्पिलं, त्याचं नुसतं खोलीभाडंच वर्षाला साठ हजार आहे! म्हणजे दिवसाला माणशी ३६ रुपयांत जेवणारं ते घर कागदावर खातंपितं ठरतं. मग लोक काय करतात, तर जसा लागतो तसा उत्पन्नाचा दाखला मिळवतात. यावर मी कुणाला नैतिकतेचं भाषण देणार नाही. नियमच असा असेल की खरं बोलणारा बाहेर आणि खोटं बोलणारा आत, तर चूक कुणाची, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

दुसरं कारण म्हणजे 'इष्टांक'. रेशन ऑफिसात हा शब्द तुम्हाला ऐकावा लागणारच. प्रत्येक राज्यात किती लोकांना धान्य द्यायचं याची संख्या ठरलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरी भागातले ४५.३४ टक्के, मिळून सुमारे ७ कोटी. ही टक्केवारी २०११ च्या जनगणनेवर लावलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. मधल्या काळात घोडबंदर रोड कुठून कुठे गेला, ऐरोली-घणसोली कशी वाढली, हे आपण डोळ्यांनी बघितलं. पण धान्याचा हिशेब २०११ च्या माणसांवरच चालू आहे. तेव्हा जन्मलेलं मूल आता मिसरूड फुटायच्या वयाचं आहे. इष्टांक भरलेला असला की नवा माणूस पात्र असूनही रांगेत राहतो. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, कुणाचं नाव कापलं, की जागा होते. रेल्वेच्या वेटिंग लिस्टसारखं, फक्त इथे नंबर किती पुढे सरकला ते कळत नाही.

तिसरं कारण अंगठा. दुकानातल्या मशीनवर अंगठा लावून धान्य घ्यायचं, आणि आता कार्डावरच्या प्रत्येकाचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, व्हायला हवं. बोगस नावं कमी व्हावीत हा हेतू आहे, आणि तो चुकीचा नाही. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईच्या, विटा वाहिलेल्या माणसाच्या, सत्तरीच्या म्हातारीच्या बोटावर रेषाच राहिलेल्या नसतात. 'अंगठा उठत नाही' हे त्यांचं वाक्य. मुलांचंही तसंच: पाचव्या आणि पंधराव्या वर्षी आधारवरचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते दिले नाहीत तर जुळत नाहीत. अशा वेळी डोळ्याचं स्कॅनिंग किंवा मोबाईलवरचा ओटीपी चालतो. केंद्राने २०१७ च्या ऑक्टोबरमध्येच राज्यांना कळवलं आहे की केवळ आधार नाही किंवा ठसा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये. हे दुकानदाराला शांतपणे सांगून बघा. बऱ्याचदा उपयोग होतो.

आता थोडं कामाचं. गावचं कार्ड इथे चालतं, ही गोष्ट अजूनही कित्येकांना ठाऊक नाही. जालना-परभणीहून तुर्भ्यात आलेल्या घराला ठाण्याचं कार्ड काढायची गरजच नाही. नाव प्राधान्य यादीत असेल आणि आधार जोडलेलं असेल तर कार्डाचा बारा अंकी नंबर सांगून राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घेता येतं. थोडं इथे, थोडं गावी म्हाताऱ्यांना, असंही घेता येतं. परराज्यातल्या माणसालाही हे लागू आहे. एक देश एक रेशनकार्डचे पहिले प्रयोग २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्या दोन जोड्यांमध्ये झाले, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरातची होती. दुसरं म्हणजे ऑफिस कुठलं, हे आधी बघा. ठाणे शहर आणि वाशी-बेलापूरपर्यंतची नवी मुंबई मुंबई-ठाणे शिधावाटप क्षेत्रात येते, तिथे शिधावाटप कार्यालयात जायचं. खारघर, कामोठे, पनवेल मात्र रायगड जिल्ह्यात, त्यांनी तहसीलच्या पुरवठा शाखेत. खारघरचा माणूस वाशीला जाऊन अर्धा दिवस आणि बुडालेली हजेरी घेऊन परत येतो, हे मी दोनदा बघितलं आहे. तक्रारीसाठी १९६७ हा नंबर आहे. आणि दुकानातून पावती घ्याच. आपल्या नावावर किती माल उचलला गेला ते त्यावर छापलेलं असतं.

माणशी पाच किलो म्हणजे किती, हेही सांगतो. चौघांचं वीस किलो. अंगमेहनत करणाऱ्या घराला महिन्याला पस्तीस-चाळीस किलो धान्य सहज लागतं. म्हणजे रेशनने निम्मा महिना निघतो. वीस तारखेचं गणित इथून येतं. आणि त्यात डाळ नाही, तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल देणारा 'आनंदाचा शिधा' सुरू झाला होता, पण सणाच्या पिशवीवर कुणाचं वर्ष निघत नाही. मराठवाड्यातून आलेल्या लोकांची वेगळीच कुरकुर असते. त्यांना ज्वारी हवी असते. 'भाताने ढेकर येतो, आधार येत नाही,' असं एक मावशी म्हणाल्या होत्या. आहारतज्ज्ञाने यापेक्षा वेगळं काय सांगितलं असतं?

मुलांकडे वळू. सहा वर्षांपर्यंतचं मूल अंगणवाडीचं. १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी न्यायला पाकिटं मिळतात, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथेच गरम जेवण. दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं हे प्रमाण आहे. अतितीव्र कुपोषित मुलाला ८०० उष्मांक. गरोदर बाईलाही आहार आहे. अंगणवाडी ताईंकडे एक रंगीत पट्टी असते, ती दंडाभोवती गुंडाळून घेर मोजतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर ते 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित. साडेअकरा सेंटीमीटर म्हणजे केवढं, ते बघायचं असेल तर दोऱ्याचं कडं करून त्यातून आपल्या घरातल्या तीन वर्षांच्या पोराचा दंड जातो का ते बघा.

अडचण अशी की शहरात मूल स्थिर नसतं. आज दिघ्यात, भाडं वाढलं की इलठणपाड्यात, बाळंतपणाला गावी, मग एखाद्या बिल्डिंगच्या साईटवर. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये त्याचं वजन तीन महिने दिसतं आणि मग ते नुसतं 'स्थलांतरित' होतं.

शाळेतल्या जेवणाबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यावर मी आईबापांना विचारायला लागलो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यावं. आज ते पहिली ते आठवीपर्यंत मिळतं. पाचवीपर्यंत ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, पुढे ७०० आणि २०. पण 'सरकारी आणि अनुदानित' हे शब्द महत्त्वाचे आहेत. महापालिकेच्या शाळेतून मूल काढून गल्लीतल्या विनाअनुदानित इंग्लिश मीडियममध्ये घातलं, की फी वाढते आणि दुपारचं जेवण जातं. म्हणजे एकाच निर्णयाने घरखर्चाला दोन्हीकडून फटका. इंग्रजी शिकवावं असं वाटण्यात गैर काहीच नाही, माझीही मुलं तिथेच शिकली. फक्त हे जेवण हिशेबात कुणी धरत नाही. सुट्टीतही हीच गत. मे महिन्यात शाळेची खिचडी बंद आणि पोरं दिवसभर घरी, भूकही दुप्पट. नववीत गेलं की कायमचं बंद, नेमकं जेव्हा अंग वाढतं आणि मुलींना पाळी सुरू झालेली असते तेव्हा. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याने या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी थांबवला. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. बाकी मला त्यावर बोलायचं नाही.

म्हाताऱ्यांची भूक सगळ्यात लपलेली. नौपाड्यातली जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. घर स्वतःचं, आज विकलं तर किंमत डोळे फिरवणारी. आत एकटे काका, वागळे इस्टेटमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून बाहेर पडलेले. ईपीएसचं, म्हणजे खासगी नोकरीतल्या पीएफबरोबरचं, पेन्शन. त्याची किमान रक्कम २०१४ च्या सप्टेंबरपासून महिन्याला १,००० रुपये आहे. निराधार म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १,५०० मिळतात, पण वय ६५ हवं आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवं. महिन्याचे १,७५० झाले ते. मुलाच्या कार्डावर बापाचं नाव असलं की मुलाचा पगार बापाच्या उत्पन्नात धरला जातो, मग मुलगा पुण्यात असो नाहीतर दुबईत.

वर एकट्यासाठी कोण रांधणार? कवळी नीट बसत नाही, भाकरी चावत नाही. दोन चहा, मारीची बिस्किटं, दुपारी वरणभात, रात्री दूध असलं तर दूध. यात पैशाची अडचण किती आणि एकटेपणाची किती, ते वेगळं काढता येत नाही. ओळखायची खूण साधी आहे. घड्याळाचा पट्टा एक भोक आत गेला का, पँट पट्ट्याने गोळा करून बांधावी लागते का. सहा महिने-वर्षभरात न ठरवता वजन पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरला दाखवायला हवं. साठ किलोच्या माणसाचे तीन किलो. 'वय झालं, आता अंग उतरणारच' असं म्हणून आपण ते सोडून देतो. अंत्योदयच्या निकषांत साठी ओलांडलेल्या, कसलाच आधार नसलेल्या माणसाच्या घराचा स्पष्ट उल्लेख आहे, पण हे माहीत असलेले म्हातारे मला भेटलेले नाहीत. आणि माहीत असलं तरी रेशनच्या रांगेत उभं राहताना शेजारी कुणी बघेल, ही लाज असतेच.

शिवभोजन थाळी यांच्यासाठी चांगली होती. २०२० च्या २६ जानेवारीला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शहरात थाळीची किंमत पन्नास धरलेली, वरचे चाळीस सरकार देणार. कुणाला दाखला दाखवावा लागत नाही, हेच तिचं मोठेपण. पण चाळीस रुपये वेळेवर आले नाहीत की केंद्रवाल्याचा वाणी उधारी बंद करतो, आणि हळूहळू फळी उघडायची बंद होते. अन्नदानही आपल्याकडे होतं, भरपूर होतं. फक्त ते गणपतीत, वाढदिवसाला आणि पितृपक्षात होतं. बावीस तारखेला, कोरड्या मंगळवारी, कुणाचा वाढदिवस नसतो.

मागच्या रविवारी एक बाई आल्या होत्या, केशरी कार्ड घेऊन. फॉर्म त्या स्वतःच भरत होत्या, अक्षर चांगलं होतं. सदस्यसंख्येच्या रकान्यापाशी थांबल्या आणि विचारलं, 'दादा, इथे कार्डातली माणसं लिहू की घरात जेवणारी?' कार्डात तीन नावं होती, घरात सहा माणसं. मी म्हटलं, कार्डातली. त्यांनी तीन लिहिलं. मग नावं वाढवायचा दुसरा फॉर्म काढून दिला. त्याला तिन्ही मुलांचे जन्मदाखले लागतात. धाकट्याचा गावी आहे, म्हणाल्या, दिवाळीत जाऊ तेव्हा आणते.